अनोळखी मुलाची शोकसभा

अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा तुमची शोकसभा कशी घ्यायची हे आपल्या मराठी मंडळात कोणालाच ठाऊक नव्हतं, ही गोष्ट तुम्हांला आजवर कोणी सांगितली नसेल. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या प्रत्येक मराठी माणसाला तुम्हीच आपल्या त्या दणदणीत आवाजात निरोप द्यायचात, त्यामुळे तुमची वेळ आली तेव्हा समई कुठल्या कपाटात आहे इथपासून बोंब. हार आधी की प्रास्ताविक आधी, यावरून दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी एकाने तर कहर केला. सवयीने आभारप्रदर्शन केलं. “कैलासवासी अण्णांचे मी मंडळातर्फे आभार मानतो, त्यांच्यामुळेच आज आपण एवढे सगळे एकत्र आलो.” आई पदर तोंडाशी धरून हसली आणि लोकांना वाटलं, रडतेय. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिचे खांदे हलताना पाहून मलाही त्या दिवशी पहिल्यांदा जरा नीट श्वास घेता आला.

आज एवढ्या वर्षांनी लिहायला बसले, कारण मध्यंतरी मंडळात मी स्वतः एक शोकसभा घेतली. अगदी तुमच्या पद्धतीने, समई, सतरंजी, उदबत्ती, सगळं. फक्त ज्याच्यासाठी घेतली त्याला आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलेलं नव्हतं. तो मराठी नव्हता, बडोद्याचा नव्हता, आणि आपल्या मरणाने मेलेला नव्हता. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायला घेतला असणार. राग आवरायचा असला की तुम्ही तेच करायचात. पुसा. मला पुष्कळ सांगायचंय.

तुम्ही भाषणाची तयारी करायचात ते आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही पाटावर बसलेले आहात, हातात वाटी, समोर आई पोळ्या लाटतेय, आणि तुम्ही भिंतीकडे बघून म्हणताय, “कैलासवासी हे अत्यंत मनमिळाऊ, कुटुंबवत्सल आणि सडेतोड गृहस्थ होते.” आई लाटणं थांबवते. “कोण, तो? बायकोला रात्रभर अंगणात उभी करणारा?” तुम्ही म्हणता, “अगं, गेलाय तो आता.” आई म्हणते, “गेला म्हणून काय मनमिळाऊ झाला?” तुम्ही मग वाटीतलं ताक एका घोटात संपवून म्हणता, “सडेतोड काढतो. बाकीचं राहू दे.” तुमच्या भाषणांत ‘दुःखद निधन’ असायचं अण्णा. ते कोणी केलं, असं तिथे कधी विचारावं लागत नसे.

आणि तुमचं ते मौन! दोन मिनिटांचं म्हणायचं, पण ते सोडवायचं अध्यक्षांनी, ‘शांतिः’ म्हणून. मी फ्रॉकात होते तेव्हा एकदा मौन चालू असताना मंडळातली मांजर टेबलावर चढून हारातला झेंडू खायला लागली आणि मला खुदकन हसू आलं. तिथे तुम्ही काही बोलला नाहीत. घरी येताना, रस्त्यात, मानही न वळवता म्हणालात, “अध्यक्ष सोडवीपर्यंत मौन ते मौन. छप्पर कोसळलं तरी हलायचं नाही. ज्याच्यासाठी उभे आहोत त्याला आता एवढंच देता येतं आपल्याला.” हा नियम तुम्ही अख्ख्या मंडळाच्या हाडात असा मुरवलात की त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

मी हल्ली गावाच्या दुसऱ्या टोकाला, समा भागात राहते. तुमचे जावई गेल्यापासून एकटीच. वीज कंपनीच्या तक्रारीच्या खिडकीवर अख्खी नोकरी गेली माझी. आयुष्यभर लोकांचं ओरडणं ऐकलं, त्यामुळे आता कोणी हळू बोललं की मला संशय येतो. वरची खोली रिकामी होती, तिथे एक मुलगी राहायला आली. अरुणाचलची. इथे फिजिओथेरपी शिकते. माझ्याकडे येण्याआधी दलालाने तिला इतक्या सोसायट्या दाखवल्या होत्या की बडोद्याचा नकाशा तिला माझ्यापेक्षा पाठ. सगळीकडे खोली आधी रिकामी असायची आणि तिला बघितल्यावर मालकाचा पुतण्या अचानक परदेशातून परत यायचा. पहिल्या दिवशी मी तिला कौतुकाने विचारलं, “भात चालेल ना तुला?” ती म्हणाली, “मौसी, भात तो हमारा ही है. रोटीवाले तो आप लोग हो.” तेव्हाच मला ती आवडली. उलट बोलणारी माणसं मला आवडतात. घरात तुमच्यामुळे ती सवय लावून घेता आली नाही, एवढंच.

आमच्या गल्लीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. स्कूटीवरून जाताना कोपऱ्यावरची पोरं ओरडायची, “ए चायना!” नाहीतर “ए मोमो!” दुधाच्या रांगेत एक बेन तिला विचारत होत्या, तुमच्याकडून इथे यायला पासपोर्ट लागतो का. ती हसायची. सगळ्याला हसायची. मी एकदा चप्पल काढून त्या पोरांच्या मागे निघाले तर तिने माझा दंड धरला. “छोड़ो ना मौसी, हँस दो तो बात खतम.” मला वाटलं, शहाणी आहे, समजूतदार आहे.

मग ती बातमी आली. लांबच्या एका शहरात शिकायला आलेला मुलगा, तिच्या शेजारच्या राज्यातला. भर बाजारात काही पोरांनी त्याला चिडवलं, इथे तिला ज्या नावाने चिडवतात त्याच नावाने. तो थांबला आणि म्हणाला, असं बोलू नका. त्यांनी त्याला मारलं. दवाखान्यात गेला तो परत आला नाही. एवढीच गोष्ट आहे अण्णा. यात आणखी काहीतरी असेल, काही जुनं भांडण असेल म्हणून मी सगळी वर्तमानपत्रं उलटीपालटी केली. काही नव्हतं.

ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसली होती. रडत नव्हती. कुकरची शिटी झाली तरी दचकली नाही. म्हणाली, “मौसी, मैं हँस के निकल जाती हूँ. वो हँसा नहीं. बस, इतना ही फरक है.”   मी गॅस बंद केला आणि गुडघे कुरकुरत असतानाही तिच्या शेजारी फरशीवर बसले. नंतर तिलाच मला ओढून उठवावं लागलं.

त्या आठवड्यात देशभर तिच्याकडची मुलं रस्त्यावर उतरली. इतकी वर्षं रोज हसून सोडून दिलेलं सगळं एकदम वर आलं. बडोद्यातही आली. कोण कुठल्या हॉटेलात, कोण पार्लरमध्ये, कोण दवाखान्यात नर्स, कोण विद्यापीठात. आजवर एकमेकांना लांबून ओळखायची फक्त. आता माझ्या व्हरांड्यात चपलांचा असा खच पडायला लागला की माझ्या लेकीच्या लग्नातही पडला नव्हता. प्रत्येकजण आपापलं सांगायचा. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, प्रत्येकाला वाटायचं की हे आपल्या एकट्याच्याच नशिबी आहे. एका पोराला त्याच्या घरमालकाने सांगितलं होतं, राहा, पण गॅलरीत उभा राहू नकोस, खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं बिचकतात. मी चहा करून करून दमले. साखर संपली, आलं संपलं, पण त्यांचं संपेना. मला राहून राहून वाटत होतं, हे सगळं ऐकायला एक मुलगा मरावा लागला काय? मग तुमचं मंडळ आठवलं. जिवंतपणी ज्याला कोणी पाणी विचारलं नाही, त्याच्या फोटोला हार घालायला आपल्याकडे रांग लागायची. मेल्यावर सभा घ्यायची, ही रीत आपलीच की.

त्या चपला बघून आमच्या सोसायटीचे चेअरमन आले. गृहस्थ वाईट नाहीत. कापडाचा धंदा मुलाकडे सोपवलाय आणि आता त्यांना चालवायला फक्त सोसायटी उरली आहे. झोपाळ्यावर बसले, पाणी प्याले, आणि इतकं हळू बोलायला लागले की मला लगेच संशय आला. “बेन, अमने एनी सामे कंई वांधो नथी. सारी छोकरी छे.” मी म्हटलं, मग? “पण काले कंई थाय तो? पेला शहेरमां थयुं ने? आपणा गेट पासे थाय तो पोलीस, पेपर, आपणी सोसायटीनुं नाम.” थोडक्यात, एका मुलाला त्याच्या चेहऱ्यापायी मारलं, म्हणून त्या चेहऱ्याच्या मुलीने खोली खाली करावी. महिनाअखेरपर्यंत. तिच्याच सुरक्षेसाठी! मला इतका संताप आला की मी त्यांना चहा विचारला नाही. आमच्याकडे हे कानाखाली मारण्याइतकंच झालं.

कमिटीपुढे मी तिची बाजू मांडायला गेले. म्हटलं, किती गुणी आहे, वडील माणसांना वाकून नमस्कार करते, माझे गुडघे तिच्यामुळे चालतात, आवाज नाही, कचरा नाही. घरी येऊन तिला फुशारकीने सगळं सांगितलं. ती तुमच्यासारखीच मान न वळवता म्हणाली, “और अच्छी नहीं होती तो? गुस्सेवाली होती, आलसी होती, आपका घुटना ठीक नहीं करती, तो निकाल देना सही होता?”  मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल असल्याशिवाय माणसाला जागा नाही, हे तुमच्याच भाषणांतून माझ्यात उतरलेलं. मी दुसऱ्या दिवशी परत गेले आणि कमिटीला म्हटलं, कालचं सगळं खोडा. ती आळशी आहे, भांडखोर आहे, पसारा करते, आणि ती इथेच राहणार. कमिटीला वाटलं, म्हातारी चळली.

मुलांना सभा घ्यायची होती. जागा कोणी देईना. एका हॉलवाल्याने तारीख दिली, मग मुलांना बघितलं, आणि त्याच्याही पुतण्याचं लग्न निघालं. तेव्हा मी उठले आणि दांडिया बाजार गाठला. मंडळाचे हल्लीचे चिटणीस तुमच्याच हाताखाली तयार झालेले. केस सगळे गेलेत, पण चष्मा पुसायची पद्धत तुमचीच. त्यांना म्हटलं, निषेधसभेसाठी हॉल पाहिजे. त्यांनी नियमांची चौकट भिंतीवरून काढून वाचली. हळदीकुंकू आहे, मुंज आहे, बुद्धिबळ स्पर्धा आहे. निषेध नाही. “आपल्या मंडळाने आजवर कशाचाच निषेध केलेला नाही हो ताई,” ते म्हणाले, जरा अभिमानानेच. मी विचारलं, शोकसभा? त्यांचा चेहरा पडला. “शोकसभेला नाही म्हणता येत नाही. अण्णांचा नियम.” झालं तर मग! “पण कोणाची?” मी सांगितलं. “त्याला कोणी ओळखत नाही. दोन शब्द बोलणार कोण?” मी म्हटलं, “ज्यांना ओळखत होतो त्यांच्याबद्दल तरी आपण कुठे खरं बोललो?” हे आईने ऐकायला हवं होतं.

फोटोवरून परत घोळ. मुलीने मोठा करून आणलेल्या फोटोत तो मुलगा फुटबॉलची जर्सी घालून, तोंडभर हसत उभा. चिटणीस म्हणाले, जरा गंभीर नाही का? टाय वगैरे? मुलगी म्हणाली, उसके पास टाय नहीं थी. चिटणिसांनी फोटो हातात घेतला. त्यांचा नातू तेवढाच आहे. मग स्वतःच खुर्चीवर चढले आणि मंडळाच्या संस्थापकांच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकला.

सभेच्या दिवशी तुम्ही पाहायला हवं होतंत अण्णा. ही मुलं घोषणांचे फलक घेऊन तावातावाने आली, तर दारातच चिटणिसांनी अडवलं. “चपला तिकडे. फलक भिंतीला टेकवून ठेवा, उदबत्ती लागेल. बायका डावीकडे.” मुलं इतकी गोंधळली की गुपचूप मांडी घालून सतरंजीवर बसली. आपली मंडळी आली, नेहमीची. कोणाचीही असो, शोकसभा चुकवायची नाही, असं ज्यांचं व्रत आहे ती. अध्यक्षस्थानी तुमचे मित्र, निवृत्त हेडमास्तर. नव्वदीला टेकलेत, कानात यंत्र. आणि सगळ्यात मागे, दाराशी, आमचे चेअरमन! मी सोसायटीची बदनामी करते की काय ते ऐकायला समाहून आलेले.

पहिल्या वक्त्यांनी उठून घसा साफ केला आणि सवयीप्रमाणे गाडी सुरू. “कैलासवासी हे अत्यंत मनमिळाऊ, कुटुंबवत्सल...” मी डोळे मिटून घेतले. त्या विशीतल्या पोराचं कुटुंब कुठलं व्हायला! ते बिचारे स्वतःच अडखळले, जर्सीतल्या फोटोकडे बघितलं, आणि म्हणाले, “मला माफ करा. मला याच्याबद्दल काहीच माहीत नाही.” आणि खाली बसले. तुमच्या मंडळाच्या इतिहासातलं ते सगळ्यात छोटं आणि मला वाटतं सगळ्यात चांगलं भाषण.

मग ती मुलगी उठली. म्हणाली, “मैं भी उसको नहीं जानती थी. वो अच्छा था या बुरा, मुझे नहीं पता. पर जो नाम सुनके वो मरा, वो नाम मुझे पता है. आज सुबह दूध लेने गई थी, तब भी सुना.” आणि तिने तो शब्द उच्चारला. आमच्या गल्लीत दिवसातून दहादा ऐकते मी तो. तिथे, समईपुढे, तो ऐकवेना.

त्यावर आपल्यातले एक काका सहानुभूतीने उठले. म्हणाले, बेटा, आम्हीही सोसलंय. इथे आम्हांला मराठी म्हणतात आणि पुण्याला गेलं की गुजराथी म्हणतात. तिने अगदी मनापासून विचारलं, “मारते हैं क्या?” काका म्हणाले, “नाही, मारत नाहीत. व्याकरण सुधारतात.” सगळे हसले. तीही हसली, पुढची मुलंही. काका स्वतः हसत होते, आणि हसता हसता त्यांचं काहीतरी बिनसलं. “मारत नाहीत,” ते पुन्हा म्हणाले, आता वेगळ्याच आवाजात, आणि उभेच राहिले. मग एकामागून एक माणसं बोलायला लागली. एक आजी म्हणाल्या, माझ्याकडे खोली बघायला दोघं आली होती तुमच्याकडची, मी दारच उघडलं नाही, ती पोरं इथे असतील तर हात वर करा. एका मुलाने हात वर केला. आजी म्हणाल्या, “जेवायला ये.” तो म्हणाला, “कब?” एवढा रोखठोक प्रश्न आपल्या मंडळात कोणी विचारलेला नव्हता.

मग मौन. सगळे उठले. माझे गुडघे उठताना वाजले. दोन मिनिटं झाली, हेडमास्तर डोळे मिटून उभे. आणखी थोडा वेळ गेला. चिटणिसांनी घड्याळाकडे बघितलं. हेडमास्तर ढिम्म. आता तुमचा नियम असा की अध्यक्ष सोडवीपर्यंत मौन ते मौन, आणि तुमच्या तालमीतल्या कोणाची बिशाद की अध्यक्षांना कोपर मारेल? खाकरूनही कोणी बघेना. त्या मुलांना वाटलं, मराठी लोकांत एवढं उभं राहतात वाटतं, म्हणून तीही ताठ. हॉल भरून माणसं पायऱ्यांपर्यंत आली होती, ती पायऱ्यांवर उभी. रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले. समोरचा फरसाणवाला झारा हातात घेऊन बाहेर आला. “शुं थयुं? कोण गुजरी गयुं?” कोणी उत्तर देईना, मौन ना! त्याने आत वाकून फोटो बघितला, झारा खाली केला, आणि तोही उभा राहिला. तो उभा म्हणून त्याचं गिऱ्हाईक उभं. ते उभे म्हणून रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. दांडिया बाजार, अण्णा, जिथे संध्याकाळी माणसाला माणूस ढकलून चालतो! तो माझ्या डोळ्यांदेखत गप्प झाला. आमचे चेअरमन अर्धे दाराबाहेर निघाले होते, पण मौनात निघून जाणं म्हणजे मेलेल्याचा अपमान, तेवढं त्यांनाही कळतं. एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून तसेच राहिले.

ते मौन फोनने तुटलं. तिच्या फोनने. चिटणिसांनी असं काही वळून बघितलं की मी तिच्या जागी असते तर फोन गिळला असता. तिने घाईघाईने उचलला. “हाँ माँ. ठीक हूँ. हाँ, जिंदा हूँ माँ, सभा में हूँ. एक घंटे बाद फिर करना.” हळूच बोलत होती, पण त्या शांततेत शब्दन्‌शब्द पायऱ्यांपर्यंत गेला. त्या मुलाच्या बातमीपासून तिची आई तासातासाला फोन करत होती, मुलगी आहे ना हे बघायला. तो फोन ऐकल्यावर हेडमास्तरांनी डोळे उघडले आणि ‘शांतिः’ म्हणाले. ते उभ्या उभ्या झोपले होते, असं चिटणीस म्हणतात. मुद्दाम सोडवलं नाही, असं हेडमास्तर म्हणतात. मंडळात यावरून सरळ दोन तट पडलेत.

पुढचं भराभर सांगते. पुढच्या रविवारी कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला. तुमचं मंडळ, ज्याने कशाचाच निषेध केला नव्हता, ते सगळ्यात पुढे. पोलिस टोपीवाल्या म्हाताऱ्यांना हात लावत नाहीत, ही चिटणिसांची युक्ती. फरसाणवाला होता, रिक्षावाले होते. जवळच्या पादरा गावाहून नर्स मुली आल्या. असं कोणी हिणवलं तर तक्रार लगेच लिहून घ्यायची, एवढं तरी पोलिसांनी त्या दिवशी कबूल केलं. मुलं या हिणवण्याविरुद्ध कायदा मागताहेत, तो कधी होईल ते देव जाणे. मोर्चातल्या एकालाही तो मुलगा कोण हे पूर्वी ठाऊक नव्हतं, आणि आज त्याचं नाव फरसाणवाल्याला पाठ आहे. याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, मला ठरवता येत नाही. तो फुटबॉल खेळत असता तर मला जास्त आवडलं असतं. खरं सांगते, रडू येतं मला त्या फोटोकडे बघून.

चेअरमनसाहेबांनी महिनाअखेरीचं पुन्हा काढलं नाही. पण आता खोली राहून उपयोग काय? तिची आईच तिला परत बोलवत होती. शेवटी मुलीने फोन माझ्या हातात दिला. मी जय्यत तयारीत. तुमची मुलगी आहे, बोलायला कोणाला ऐकते! पण त्या माउलीने एकच विचारलं. “आप गारंटी देती हैं? मेरी बेटी को कुछ नहीं होगा?”

अण्णा, माझ्या तोंडून हो निघेना. गल्ली माझी, गाव माझं, तीन पिढ्यांचं, आणि मला हो म्हणवेना. म्हटलं, “नहीं बहन. गारंटी नहीं दे सकती. मैं रोज उसकी राह देखूँगी, उतना कर सकती हूँ.”  मला वाटलं, संपलं, गेली पोर. मग ती म्हणाली, “आप हाँ बोलतीं तो कल का टिकट निकालती. सब हाँ बोलते हैं. उस लड़के की माँ को भी बोला होगा किसी ने.” आणि म्हणाली, राहू दे तिला.

पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्हांला गुपित ठेवता येत नाही. पुढच्या सभेत प्रास्ताविकातच सांगून मोकळे व्हाल. गुपित असं की सोसायटीत मी सगळ्यांना ‘गॅरंटी आपी छे’ म्हणून सांगितलंय, त्या आईला मी गॅरंटी दिली आहे. माझ्या एकटीची नाही, अख्ख्या सोसायटीच्या वतीने, चेअरमनसाहेबांच्या नावानिशी. ते आधी हादरले. हल्ली संध्याकाळी तिची स्कूटी आत येईपर्यंत गेटपाशी खुर्ची टाकून बसतात. कोपऱ्यावरच्या पोरांना त्यांनी स्वतः जाऊन झापलं. काल पाऊण तास उशीर झाला तिला, तर माझ्या आधी त्यांनीच तिला फोन लावला. मी म्हटलं, जा आता जेवायला, येईल ती. तर म्हणाले, “ना बेन, आपणे गॅरंटी आपी छे ने.”

मी म्हटलं, हो, आपी छे.